तारेमागे काय उभे आहे? मल्टिमीटर निवडण्याची रीत

चंद्रपूरच्या किंवा वडसा-देसाईगंजच्या बाजारात मल्टिमीटर मागितला, की दुकानदार काउंटरवर साधारण तीन डबे मांडतो. पहिल्यात दोन-तीनशे रुपयांचा छोटा पिवळा मीटर. दुसऱ्यात उघडणाऱ्या जबड्याचा क्लॅम्प मीटर, ज्याला जुने वायरमन अजूनही टाँग टेस्टर म्हणतात. तिसऱ्यात काही हजारांचा जाडजूड मीटर. तिन्ही व्होल्ट दाखवतात, ओहम दाखवतात, बीप वाजवतात. घरच्या सॉकेटात लावून पाहिले तर तिन्हींचे आकडे जवळपास सारखेच. मग दहापट किंमत कशाची मोजायची?

मीटर घेणारे हातही वेगवेगळे असतात. ऊर्जानगरच्या औष्णिक वीज केंद्रात ठेकेदाराकडे काम करणारा वायरमन, चामोर्शीकडच्या धानपट्ट्यात मोटरपंप दुरुस्त करणारा मेकॅनिक, अहेरीत मोबाइल आणि चार्जर उघडून बसणारा पोरगा, ताडोबाच्या बफरमधल्या गावात सौर कुंपण सांभाळणारा शेतकरी, आयटीआयत वीजतंत्री किंवा इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा ट्रेड शिकणारे विद्यार्थी. या सगळ्यांना एकच मीटर सुचवणे चुकीचे ठरेल.

निवड करताना दोन प्रश्न पुरतात. पहिला: माझ्या हातून चूक झाली, तर तारेमागची ताकद मीटरला आणि मला काय करेल? दुसरा: मीटर लावल्याने सर्किटच बदलून जाईल का? विजेच्या कामात पहिला प्रश्न मोठा, इलेक्ट्रॉनिक्सच्या कामात दुसरा. खांबावरून घरात, घरातून सॉकेटात आणि सॉकेटातून सर्किट बोर्डावर येताना तारेमागची ताकद कमी होत जाते आणि मोजमापाची नजाकत वाढत जाते. या वाटेने चालत गेले, की कुठला मीटर कुठे हवा हे आपोआप कळते.

डीपीपाशी किती ताकद असते

चंद्रपूरचे वीज केंद्र २,९२० मेगावॉटचे. पण शेतातल्या माणसाचा संबंध येतो तो गावच्या डीपीशी, म्हणजे वितरण रोहित्राशी. १०० केव्हीएचे रोहित्र धरा. ४१५ व्होल्टवर त्याचा पूर्ण लोडचा करंट सुमारे १३९ अँपिअर येतो. अशा रोहित्राचा अंतर्गत इम्पिडन्स साधारण ४.५ टक्के असतो. म्हणजे त्याच्या टर्मिनलवर सरळ शॉर्ट झाला, तर १३९ भागिले ०.०४५, सुमारे ३,१०० अँपिअर वाहू शकतात. तार जितकी लांब तितका हा आकडा खाली येतो. गावाच्या टोकाच्या घरात तो काही शे अँपिअरवर येईल. कारखान्याच्या पॅनेलवर, जिथे रोहित्र मोठे आणि केबल आखूड, तिथे तो कित्येक पट वर जातो. घुग्घूस, गडचांदूर किंवा बल्लारपूरकडे कारखान्यात काम करणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

दुसरी भीती क्षणिक उसळीची. मृगाआधीच्या वादळात उघड्या लाइनजवळ वीज पडली किंवा मोठी मोटर बंद झाली, की २३० व्होल्टच्या लाइनवर एका क्षणासाठी काही हजार व्होल्ट चढतात. त्या क्षणी मीटर लावलेला असेल आणि आतले अंतर अपुरे असेल, तर आत ठिणगी उडते. ठिणगीने वाट करून दिली, की मागून रोहित्राचा करंट धावतो. उसळी गेली तरी ज्वाळा चालू राहते, आणि ती माणसाच्या हातात असते.

यासाठी आंतरराष्ट्रीय विद्युत आयोगाच्या ६१०१० या मानकात मोजमापाच्या जागांचे वर्ग केले आहेत. मीटरच्या सॉकेटांजवळ इंग्रजीत कॅट आणि पुढे रोमन आकडा छापलेला असतो, तो हा वर्ग. कॅट दोन म्हणजे प्लग लावून चालणारी उपकरणे: मिक्सर, टीव्ही, चार्जर. कॅट तीन म्हणजे इमारतीची पक्की वायरिंग: वितरण बोर्ड, एमसीबी, मोटरचा स्टार्टर, कारखान्याचे पॅनेल. कॅट चार म्हणजे वीज जिथून आत येते ती जागा: खांबावरून आलेली सर्व्हिस वायर, वीजमीटर, डीपीची कमी दाबाची बाजू, उघड्यावरचे पंपाचे कनेक्शन.

वर्गाबरोबर व्होल्टही वाचावे लागतात, आणि इथे बरेच जण फसतात. कॅट दोन १००० व्होल्ट आणि कॅट तीन ६०० व्होल्ट यांत पहिला मोठा वाटतो. चाचणीत दोघांनाही ६,००० व्होल्टची उसळी सोसावी लागते. पण कॅट दोनच्या चाचणीत ती उसळी १२ ओहमच्या मागून येते, कॅट तीनच्या चाचणीत फक्त २ ओहमच्या मागून. म्हणजे एकीकडे ५०० अँपिअर, दुसरीकडे ३,०००. कॅट चार ६०० व्होल्टच्या मीटरला तर ८,००० व्होल्टची उसळी सोसावी लागते. वर्ग हे तारेमागच्या ताकदीचे माप आहे, नुसत्या व्होल्टचे नाही.

म्हणून स्टार्टर आणि बोर्ड उघडणाऱ्याने किमान कॅट तीन ६०० व्होल्ट घ्यावा. सर्व्हिस वायर किंवा डीपीपर्यंत ज्याचे काम जाते त्याला कॅट चार ६०० व्होल्टच हवा. डीपीला हात लावण्याचा अधिकार महावितरणच्या माणसाचा असतो, ही गोष्ट वेगळी आणि तितकीच महत्त्वाची. मीटरबरोबरच्या लीडवरही हाच वर्ग छापलेला असला पाहिजे. कॅट चारच्या मीटरला बाजारातली स्वस्त लीड लावली, तर सगळी व्यवस्था लीडच्या दर्जावर येते.

दहा अँपिअरचे सॉकेट

मीटर फुटण्याचे सर्वांत नेहमीचे कारण उसळी नसते, विसर असतो. करंट मोजण्यासाठी लाल लीड दहा अँपिअरच्या सॉकेटात घातली, काम झाले, आणि तीच लीड तशीच ठेवून कोणीतरी व्होल्टेज बघायला गेला. करंट मोजताना मीटर सर्किटच्या मध्ये येतो, म्हणून त्या सॉकेटामागे ओहमच्या शंभराव्या भागाइतका शंट बसवलेला असतो. तो फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये आला, की शॉर्टच. डायल व्होल्टवर असूनही फरक पडत नाही. लीड कुठल्या सॉकेटात आहे यावर सगळे ठरते.

अशा वेळी वाचवतो तो फ्यूज, तोही योग्य जातीचा असेल तर. पाच बाय वीस मिलिमीटरचा साधा काचेचा फ्यूज २५० व्होल्टचा असतो. दहा अँपिअरचा असा फ्यूज शंभरेक अँपिअरचा शॉर्ट सुरक्षितपणे तोडू शकतो. त्याच्यासमोर हजार-दोन हजार अँपिअर आले, तर काच फुटते आणि आतल्या वाफेतून करंट चालूच राहतो. चांगल्या मीटरमध्ये वाळू भरलेला, जाड सिरॅमिकचा एचआरसी फ्यूज असतो. तो १००० व्होल्टवर दहा-वीस हजार अँपिअरही तोडतो. त्याची किंमत छोट्या पिवळ्या मीटरपेक्षा जास्त असू शकते, म्हणूनच स्वस्त मीटरमध्ये तो सापडत नाही. दोन-तीनशेच्या कित्येक मीटरांवर तर दहा अँपिअरच्या सॉकेटापाशी ‘अनफ्यूज्ड’ असे सरळ छापलेले असते. म्हणजे शॉर्ट झाला तर फ्यूजच्या जागी आतला शंट आणि हातातली लीड जळते.

यावर काही कंपन्यांनी यांत्रिक उपायही केला आहे. नाशिकच्या ऋषभ इन्स्ट्रुमेंट्सच्या काही मीटरांत डायल फिरवताच नको असलेली सॉकेटे आतून झाकली जातात, त्यामुळे चुकीच्या ठिकाणी लीड घालताच येत नाही. शिकाऊ हातांसाठी ही सोय मोलाची. दुसरा उपाय सोपा: घर-शेताच्या वायरिंगचे काम करणाऱ्याने करंटसाठी सॉकेट वापरूच नये, क्लॅम्प वापरावा.

क्लॅम्प, ट्रू आरएमएस आणि मेगर

क्लॅम्पचा जबडा एका तारेभोवती बंद केला, की तार न तोडता करंट कळतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही जबड्यात आले तर दोन्हींचे चुंबकीय क्षेत्र एकमेकांना खोडते आणि आकडा शून्य येतो. ही चूक नवे हात हमखास करतात. पाच एचपीच्या थ्री फेज मोटरवर प्रत्येक फेजला साधारण सात-आठ अँपिअर दिसायला हवेत. एका फेजवर शून्य आणि बाकी दोन्हींवर भलताच चढा करंट दिसला, तर एक फेज गेलेला आहे आणि मोटर जळण्याच्या वाटेवर आहे. गंमत अशी, की चालू मोटर गेलेल्या फेजवरही स्वतः व्होल्टेज तयार करते, त्यामुळे नुसत्या व्होल्टमीटरला हा फॉल्ट नीट दिसत नाही. पंप मेकॅनिकला क्लॅम्प म्हणूनच पहिल्यांदा हवा.

ट्रू आरएमएस हा शब्द डब्यावर ठळक छापतात. त्याचा अर्थ असा. स्वस्त मीटर एसीची सरासरी काढतो आणि तिला १.११ ने गुणून दाखवतो. लाइन शुद्ध साइन वेव्ह असेल तरच हा गुणाकार बरोबर ठरतो. चौकोनी लहरीच्या घरगुती इन्व्हर्टरवर खरे २२० व्होल्ट असताना असा मीटर २४४ दाखवेल, आणि मालक उगाच इन्व्हर्टर बिघडला समजेल. उलट एलईडी दिवे, संगणक, चार्जर यांचा करंट टोकदार झटक्यांनी वाहतो. तिथे सरासरीवाला मीटर ४० टक्क्यांपर्यंत कमी दाखवू शकतो. खरे दहा अँपिअर वाहताहेत, मीटर सहा म्हणतो, आणि तार का तापते याचे कोडे पडते. आजच्या घरात साधा बल्ब आणि हीटर सोडले तर फारसे काही शुद्ध साइनवर चालत नाही. त्यामुळे विजेच्या कामाला ट्रू आरएमएस घ्यावा.

एक काम मात्र कुठलाच साधा मल्टिमीटर करत नाही. ओहमच्या रेंजवर मीटर जेमतेम एक-दोन व्होल्ट सोडतो. विहिरीतल्या सबमर्सिबल मोटरचे इन्सुलेशन ओले झाले असेल, तरी एवढ्या दाबावर ते निर्दोष भासते. २३० व्होल्ट मिळाले की तेच इन्सुलेशन बॉडीला करंट देते. त्यासाठी ५०० व्होल्ट सोडणारा मेगर लागतो. ‘मीटरने चांगली दाखवली, तरी मोटर ट्रिप होते’ या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा इथे असते.

नसलेली वीज दाखवणारा मीटर

बंद केलेल्या तारेवर मीटर १८०, २०० व्होल्ट दाखवतो. टेस्ट लॅम्प लावला तर पेटत नाही. दोघांपैकी कोण खरे? दोघेही.

बहुतेक चांगल्या डिजिटल मीटरांचा आतला रेझिस्टन्स १० मेगाओहम असतो. एकाच पाइपात चालू तारेला लागून दहा मीटर मोकळी तार गेली असेल, तर दोघींत सुमारे एक नॅनोफॅरडचे कपॅसिटन्स तयार होते. ५० हर्ट्झवर त्याचा अडथळा सुमारे ३.२ मेगाओहम. १० मेगाओहमच्या मीटरपुढे हा अडथळा किरकोळ, त्यामुळे मोकळ्या तारेवर तो २१९ व्होल्टपर्यंत दाखवू शकतो. प्रत्यक्षात शेजारी न्यूट्रल आणि अर्थिंग असल्याने आकडा कमी येतो, पण घाबरवण्याइतका येतो. यालाच घोस्ट व्होल्टेज म्हणतात. इलेक्ट्रिशियनसाठीच्या काही मीटरांत लो-झेड नावाची जागा असते. तिथे मीटरचा रेझिस्टन्स तीनेक किलोओहमवर उतरतो आणि तेच घोस्ट व्होल्टेज पाव व्होल्टवर कोसळते. खरी वीज असेल तर आकडा तसाच राहतो.

तरी लाइन बंद असल्याची खात्री एका मोजमापावर ठेवू नये. आधी चालू असल्याचे माहीत असलेल्या सॉकेटावर मीटर तपासायचा, मग ज्या तारेवर काम करायचे ती मोजायची, मग पुन्हा त्या चालू सॉकेटावर मीटर तपासायचा. मधल्या काळात लीड तुटली किंवा सेल उतरला, तर तिसरी पायरी ते सांगते. न शिवता बीप देणारे पेन घाईत फेज शोधायला ठीक. तार मेलेली आहे याचा तो पुरावा नव्हे.

सर्किट बोर्डावर: मीटरने ढवळाढवळ करू नये

आता सॉकेटाच्या पलीकडे, चार्जरच्या आत येऊ. इथे पाच व्होल्ट, तीन व्होल्ट, मिलिअँपिअर. बोर्डाच्या कमी दाबाच्या बाजूला कॅट वर्गाची चिंता नसते. एक अपवाद: चार्जर, टीव्ही, इन्व्हर्टर यांच्या प्राथमिक बाजूच्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट डीसी साठलेले असतात, प्लग काढल्यावरही काही काळ. त्या बाजूला हात घालताना विजेच्या कामाचेच नियम पाळायचे.

जो १० मेगाओहम वायरमनला भुते दाखवतो, तोच इथे हवा असतो. समजा १२ व्होल्टच्या आड एक-एक मेगाओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये आहेत. मधल्या बिंदूवर ६ व्होल्ट असायला हवेत. १० मेगाओहमचा मीटर लावला तर तिथे ५.७१ व्होल्ट होतात. छोट्या पिवळ्या मीटरांचा रेझिस्टन्स पुष्कळदा एकच मेगाओहम असतो; तो लावताच ६ चे ४ व्होल्ट होतात. मीटर खोटे बोलत नाही, तिथे खरेच ४ व्होल्ट उरलेले असतात, कारण त्यानेच बाकीचे ओढून घेतले.

मग काउंट. ‘२००० काउंट’ म्हणजे मीटर १९९९ पर्यंत मोजतो. ३.३ व्होल्टचा सप्लाय तो २० च्या रेंजवर ३.३० असा दाखवतो. ६००० काउंटचा मीटर तोच ३.३०० असा दाखवतो, म्हणजे एक मिलिव्होल्टची हालचालही दिसते. पण जास्त अंक म्हणजे जास्त अचूक असे नव्हे. पुस्तिकेत अचूकता ‘०.५ टक्के अधिक २ अंक’ अशी लिहिलेली असते. ५.००० व्होल्टवर तिचा अर्थ २५ अधिक २, म्हणजे २७ मिलिव्होल्ट इकडे किंवा तिकडे. लिथियम सेल ४.२० व्होल्टला पूर्ण भरतो आणि त्यापुढे चार्ज करणे धोक्याचे. तिथे २० मिलिव्होल्टची चूकही जाणवते, म्हणून बॅटरी पॅकचे काम करणाऱ्याने टक्केवारी वाचूनच मीटर घ्यावा. वायरिंगवाल्याला २३० व्होल्टवर दोन-तीन व्होल्ट इकडेतिकडे झाले तरी काही बिघडत नाही.

करंटच्या बाबतीत दोन्ही कामांची गरज उलटी होते. वायरमनला अँपिअर हवेत, इलेक्ट्रॉनिक्सला मायक्रोअँपिअर. बऱ्याच क्लॅम्प मीटरांत मिलिअँपिअरही नसतात. ताडोबातले वाघ ज्यांच्यामुळे मोजले जातात ते कॅमेरा ट्रॅप घ्या. असे यंत्र बहुतेक वेळ झोपलेले असते आणि हालचाल जाणवली की जागे होते. समजा झोपेत ते ०.२ मिलिअँपिअर घेते. २,००० मिलिअँपिअर-तासांच्या सेलवर नुसत्या झोपेचा हिशोब १०,००० तास येतो. एखाद्या बोर्डात ओल शिरून तोच करंट ५ मिलिअँपिअर झाला, तर ४०० तास, म्हणजे सतराव्या दिवशी सेल संपले. बिघाड शोधायचा तर झोपेतला करंट मोजता आला पाहिजे.

इथेही एक मेख आहे. २००० मायक्रोअँपिअरच्या रेंजवर मीटरचा शंट पुष्कळदा १०० ओहमचा असतो. झोपेतल्या ०.२ मिलिअँपिअरला तो ०.०२ व्होल्टच खातो, चालते. पण यंत्र जागे होऊन २०० मिलिअँपिअर मागू लागले, की सगळे व्होल्टेज या शंटमध्येच अडकते आणि यंत्र बंद पडते. याला बर्डन व्होल्टेज म्हणतात. म्हणून आधी मोठ्या रेंजवर यंत्र सुरू करायचे, ते झोपले की सर्किट न तोडता लहान रेंजवर यायचे.

बाकी सोयी थोडक्यात. कंटिन्युइटीची बीप ताबडतोब वाजली पाहिजे. अडखळत वाजणारा मीटर बोर्डावर वेळ खातो. बीप तीस-पन्नास ओहमपर्यंतही वाजू शकते, तेव्हा बीप वाजली म्हणजे सांधा पक्का असे मानू नये, आकडा बघावा. डायोडच्या जागेवर सिलिकॉन डायोड ०.५ ते ०.७ व्होल्ट दाखवतो. पांढऱ्या एलईडीला तीनेक व्होल्ट लागतात, ते सगळे मीटर देत नाहीत. आणि गावोगावी दुरुस्तीला येणाऱ्या एलईडी बल्बांतल्या चिप बऱ्याचदा ९ किंवा १८ व्होल्टच्या असतात, त्यांना वेगळा एलईडी टेस्टरच लागतो. कपॅसिटन्सची रेंज मात्र दोन्हीकडे कामाची: पंख्याचा २.५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर उतरला की पंखा संथ होतो, हे तिच्यामुळे मिनिटात कळते.

सौर पंप आणि कुंपण: दोन्ही जगे एका बांधावर

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ या २०२४ च्या योजनेत तीन, पाच आणि साडेसात एचपीचे पंप मिळतात. त्यांनी विजेचे आणि इलेक्ट्रॉनिक्सचे काम एकत्र आणले आहे. पाच एचपीला साधारण ४,८०० वॉटची पॅनेल लागतात. ५४० वॉटची नऊ पॅनेल एकामागे एक जोडली, तर मोकळे व्होल्टेज साडेचारशे व्होल्टच्या घरात जाते, आणि ते डीसी. एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला संधी मिळते. डीसीला ती संधी नाही. ज्वाळा ताणली तरी तुटत नाही. म्हणून मीटरचे आणि फ्यूजचे डीसी रेटिंग वेगळे वाचायचे. १००० व्होल्ट डीसी असेल तर उत्तम.

अशा पॅनेलचा शॉर्ट सर्किट करंट १३ अँपिअरच्या वर जातो. दहा अँपिअरच्या सॉकेटातून तो मोजायला गेले, तर फ्यूज जाईल आणि प्रोब उचलताना ज्वाळा उठेल. इथे डीसी क्लॅम्प हवा. साधा क्लॅम्प रोहित्राच्या तत्त्वावर चालतो आणि त्याला डीसी दिसतच नाही. डीसी दाखवणाऱ्यात हॉल सेन्सर असतो. डब्यावर एसी-डीसी दोन्ही लिहिले आहे ना, हे पाहून घ्यावे. पंपाच्या कंट्रोलरमधून मोटरकडे जाणारे व्होल्टेज साइन नसून वेगवान तुकड्यांचे असते. त्यावर साधा मीटर भलतेच आकडे देतो. लो-पास फिल्टर असलेला मीटर खऱ्याजवळचा आकडा देतो.

सौर कुंपणाचे झटका मशीन हा आणखी वेगळा प्रकार. जंगलालगतच्या गावांत रानडुकरांपासून धान राखायला डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतूनही अशी कुंपणे दिली गेली आहेत. हे मशीन सेकंदाला एकाहून जास्त नाही असे, हजारो व्होल्टचे, पण अतिशय क्षणभंगुर झटके सोडते. मल्टिमीटरचा आकडा सेकंदात दोन-चार वेळा बदलतो. हा झटका त्याला पकडता येत नाही, वर त्याचे इन्सुलेशन तेवढ्यासाठी बनलेले नसते. कुंपणाच्या तारेला मल्टिमीटर लावायचा नाही; त्यासाठी कुंपणाचा टेस्टर वेगळा मिळतो. मल्टिमीटरने तपासायचे ते मशीनच्या अलीकडचे: पॅनेलचे व्होल्टेज, १२ व्होल्टच्या बॅटरीचे व्होल्टेज आणि मशीन ओढत असलेला करंट. लेड-ॲसिड बॅटरी विसावल्यावर १२.७ च्या आसपास असेल तर भरलेली, १२ वर असेल तर उतरलेली. आणि कुंपणाला सरळ २३० व्होल्टची लाइन जोडण्याचा प्रकार कुठल्याच मीटरच्या कक्षेत येत नाही. तो गुन्हा आहे, आणि चंद्रपूर-गडचिरोली जिल्ह्यांत त्याने वाघही मेले आहेत, माणसेही.

ऊन, पाऊस आणि सेल

पुस्तिकेतली अचूकता १८ ते २८ अंश तापमानासाठी असते. त्याबाहेर प्रत्येक अंशाला मूळ चुकीच्या दहाव्या हिश्श्याइतकी भर पडते, असे बहुतेक चांगल्या मीटरांच्या पुस्तिकेत लिहिलेले सापडेल. चंद्रपूरच्या मे महिन्यात सावलीत ४५ अंश, म्हणजे १७ अंश वर, ०.५ टक्क्याची चूक १.३५ टक्के होते. काही मीटर तर ४० अंशांपर्यंतच चालवायचे असतात. बाहेर काम करणाऱ्याने ५० अंश किंवा त्याहून वरची मर्यादा पाहून घ्यावी, आणि दुपारी गाडीच्या डिकीत मीटर ठेवू नये.

पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली, की भामरागडचा रस्ता बंद होतो. अशा ठिकाणी ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालणारा मीटर अडचणीचा, कारण ती तालुक्याच्या गावातही हमखास मिळत नाही. पेन्सिल सेल प्रत्येक किराणा दुकानात असतात. सेल उतरत आला, की काही मीटर आकडे फुगवून दाखवतात, हेही विसरू नये. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या (वेकोलि) भूमिगत खाणींत मात्र नियम आणखी कडक: जिथे मिथेनची शक्यता आहे तिथे खाण सुरक्षा महासंचालनालयाची मान्यता असलेलेच उपकरण चालते, साधा मीटर न्यायचा नाही.

कोणी कोणता घ्यावा

घर-शेताची वायरिंग आणि पंप: कॅट तीन ६०० व्होल्टचा ट्रू आरएमएस क्लॅम्प मीटर, कपॅसिटन्ससह, लो-झेड मिळाला तर सोन्याहून पिवळे. सर्व्हिस वायर किंवा उघड्यावरच्या पंपाच्या कनेक्शनपर्यंत काम असेल तर कॅट चार. सौर पंप असेल तर क्लॅम्प एसी-डीसी. मोटरचे काम रोजचे असेल तर पुढची खरेदी मेगरची.

कारखाना आणि पॅनेल: कॅट तीन १००० आणि कॅट चार ६०० असे दोन्ही छापलेला, एचआरसी फ्यूजचा, शक्यतो लो-पास फिल्टरचा मीटर. इथे पैसे वाचवायचे नसतात.

मोबाइल, चार्जर, बोर्ड: ६००० किंवा जास्त काउंट, डीसीवर ०.५ टक्के किंवा त्याहून बरी अचूकता, १० मेगाओहम, मायक्रोअँपिअर, झटपट बीप. कॅट दोन पुरतो, पण प्राथमिक बाजूला रोज हात जात असेल तर कॅट तीनच घ्यावा.

आयटीआयचा विद्यार्थी: छोटा पिवळा मीटर वाईट नाही, जागा चुकवू नये इतकेच. बॅटरी, डायोड, रेझिस्टर शिकायला तो उत्तम. त्याच्यावर ७५० व्होल्ट छापलेले असले, तरी स्टार्टर आणि बोर्डापासून तो दूर ठेवावा.

दोन्ही कामे करणाऱ्याने एकाच महाग मीटरमध्ये सगळे शोधण्यापेक्षा दोन मीटर घ्यावेत: लाइनसाठी सुरक्षित क्लॅम्प, टेबलासाठी नाजूक मीटर. खर्च सारखाच येतो आणि लाइनवरचा मीटर जळाला तरी टेबल थांबत नाही.

पैसे देण्याआधी दुकानातच पाच गोष्टी तपासा. सॉकेटांजवळ वर्ग आणि व्होल्ट दोन्ही छापलेले आहेत का. लीडवर तोच वर्ग आहे का. मागचे झाकण उघडून दाखवायला सांगा: फ्यूज काचेचा आहे की सिरॅमिकचा, आणि त्यावर किती व्होल्ट लिहिले आहेत. दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा: बीप लगेच वाजते का, आणि ओहम अर्ध्याच्या खाली येतो का. शेवटी विचारा, हा फ्यूज बदलायला कुठे मिळेल. दुकानदाराला त्याचे उत्तर देता आले नाही, तर मीटरबरोबर एक जादा फ्यूजही मागवून घ्या. नाहीतर पहिल्या चुकीनंतर तिथे कोणीतरी तांब्याची तार गुंडाळतो, आणि काही हजारांचा मीटर त्या दिवसापासून दोन-तीनशेचा होतो.